केळीचा चीक आणि सॅकचा पट्टा : तरुणांवरच्या सहा पोस्टरांचं एक प्रकरण

काम आलं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. जळगाव जिल्ह्यात, तापीपासून फार लांब नसलेल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं दर ९ सप्टेंबरला शिरीषकुमार मेहताची आठवण म्हणून छोटासा कार्यक्रम होतो. १९४२ साली याच तारखेला नंदुरबारमध्ये पोरांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि त्यात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमारला तेव्हा सोळावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. वाचनालयाचा कारभार बघणारे नाना मला म्हणाले, "दरवर्षी आपण त्या पोरांच्या फोटोला हार घालतो आणि घरी जातो. यंदा त्यांच्याच वयाची आजची पोरं भिंतीवर दिसू द्या. कशी जगतात, काय करतात. सहा पोस्टरं करा. पैसे बेताचेच आहेत, पण काम मनापासून करा."

मी चित्रकला शिकवतो आणि पुस्तकांसाठी चित्रं काढतो. पोस्टरंही बरीच केली आहेत. हे काम मला सोपं वाटलं होतं. पुढच्या तीन महिन्यांत काय चुकलं, काय सुधारलं आणि काय अजूनही मनाला लागून आहे, ते इथं सविस्तर मांडतो. तरुणांवर चित्रं काढणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी.

पहिली सहा

पहिली सहा पोस्टरं मी पंधरा दिवसांत केली. पुस्तकांच्या पायऱ्या चढून सूर्याकडे निघालेला मुलगा. मोबाइलच्या साखळीत अडकलेला हात. अर्धं शेत, अर्धा कॉम्प्युटर. पंख फुटलेली मुलगी. बाकीची दोन याच जातीची. रेषा स्वच्छ होती, रंग उठावदार होते. समितीला पसंत पडली. नाना म्हणाले, "छापायच्या आधी दोन अभ्यासिकेत लावून बघू."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. सकाळी सातपासून रात्रीपर्यंत तिथं पोरं-पोरी बसलेली असतात. कुणी पोलिस भरतीचं, कुणी तलाठ्याचं, कुणी बँकेचं वाचत असतं. पुस्तकांच्या पायऱ्यांचं पोस्टर आम्ही दाराजवळ लावलं. दुसऱ्या दिवशी एकानं त्याच खिळ्याला ओला रेनकोट अडकवला. पोस्टर पूर्ण झाकलं गेलं. आठ दिवस तो रेनकोट रोज तिथंच लटकत होता आणि त्या आठ दिवसांत एकानंही म्हटलं नाही की अरे, खाली चित्र आहे. मी एकाला मुद्दाम विचारलं, कसं वाटलं? तो मान वर न करता म्हणाला, "छान आहे सर."

मला ते लागलं. पण पोराची काही चूक नव्हती. आपल्या गावात तरुणांची चित्रं कमी आहेत असं नाही. चौकाचौकात फ्लेक्स आहेत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधे एक मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांची ओळ, प्रत्येकाचा पासपोर्ट फोटोएवढा चेहरा. क्लासच्या फ्लेक्सवर पहिले आलेले. भरती लागली की अभिनंदनाचा फ्लेक्स. म्हणजे तरुण पोरगा एक तर जिंकलेला दिसतो, नाहीतर कुणाच्या तरी पायाशी ओळीत उभा दिसतो. जो अजून कुठं लागलेला नाही, जो सकाळी धावतो, दुपारी वाचतो आणि अधूनमधून केळीच्या बागेत घड उतरवायला जातो, तो कुठंच दिसत नाही. माझ्या सूर्यानं आणि पंखांनीही त्याला जागा दिली नव्हती. मी तरुणांना काय व्हावं हे सांगत होतो, आणि हे सांगणारे त्यांच्या आजूबाजूला आधीच भरपूर आहेत.

ती सहाही पोस्टरं मी बाजूला ठेवली.

डाग

मग वही-पेन्सिल घेऊन नुसता बसायला लागलो. एस.टी. स्टँडवर, सकाळी धावणाऱ्यांच्या रस्त्यावर, भुसावळ स्टेशनात सुरतेकडे जाणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यापाशी. आणि केळीच्या बागेत.

यावल-रावेर पट्ट्यात केळीची कटाई करणाऱ्या टोळ्या असतात. एक जण विळ्यानं घड उतरवतो, दुसरा तो वाहतो, गाडीपाशी तिसरा रचतो. घड पंधरा-वीस किलोचा, कधी त्याहून जड. तो बांधावरून, चिखलातून गाडीपर्यंत न्यायचा, आणि तोही असा की फळाला काळा डाग पडता कामा नये. टोळीत आता कॉलेजात जाणारी पोरंही असतात. एकाच्या बापाच्या दोन एकरांत केळी होती आणि हा दुसऱ्याच्या बागेत कटाईला येत होता. संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर भाव येतो. बऱ्हाणपूरचा काय, रावेरचा काय. घरच्या बागेसाठी तो बघायचा आणि परत घड उचलायचा.

मी त्याचं चित्र काढलं. खांद्यावर घड, निळा शर्ट, वाकलेली पाठ. शरीराचा तोल चांगला साधला होता, असं मला वाटत होतं. चहाच्या वेळी वही त्यांच्यासमोर धरली. तिघांनी बघितलं. एक म्हणाला, "सर, हा कटाईवाला नाही."

"का?"

"शर्टावर डाग कुठंय?"

केळीचा दांडा कापला की चीक गळतो. गळतो तेव्हा तो पाण्यासारखा दिसतो. कपड्यावर पडला की थोड्या वेळानं तपकिरी होतो, मग काळपट, आणि मग तो कशानंच जात नाही. साबणानं नाही, लिंबानं नाही. म्हणून कटाईचे कपडे वेगळे असतात. त्या पोरानं पिशवीतून आपला शर्ट काढून बाजेवर पसरला. उजवा खांदा पूर्ण काळा. तिथून पाठीवर ओघळ उतरलेले, काही रुंद, काही दोऱ्याएवढे. डाव्या मनगटाच्या जागी ठिपके, कारण डावा हात वर नेऊन तो दांडा धरतो. डावा खांदा जवळजवळ कोरा. त्या शर्टावरून तो घड कसा उचलतो, कुठल्या खांद्यावर घेतो, चालताना किती वाकतो, सगळं वाचता येत होतं. मी तासभर तो शर्टच काढत बसलो. माणूस काढलाच नाही.

शेवटी पोस्टर तसंच झालं. पाठमोरा खांदा, त्यावर घडाचा खालचा भाग आणि पाठीवर उतरलेला डाग. चेहरा नाही. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल, चीक लागू नये म्हणून. खाली एकच शब्द, हातानं काढलेला: कटाई.

ते अभ्यासिकेत लावलं तेव्हा पोरं जवळ गेली. एकानं बोट ठेवून दुसऱ्याला डागाचा ओघळ दाखवला. एक जण म्हणाला, आमच्याकडं डोक्यावर घेतात, मग डाग मानेवर असतो. वाद झाला. ज्या भिंतीकडं आठ दिवस कुणी पाहिलं नव्हतं, त्या भिंतीपुढं दहा मिनिटं वाद झाला.

त्यानंतर बाकीची पोस्टरं भराभर सुचत गेली. भरतीच्या पोस्टरात धावणारा मुलगा काढायचाच नाही असं ठरवलं. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरांनी चुन्यानं रेघ मारून '१६००' लिहिलेलं असतं. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुणांची मैदानी परीक्षा असते. तो रस्ता, ती रेघ आणि काठाला काढून ठेवलेल्या चपला, एवढंच चित्र. सुरतेच्या पोस्टरात जनरल डब्याच्या दारात ठेवलेली पिशवी आणि वर डोकावणारी लोणच्याची बरणी. उधना-लिंबायतला आपली किती माणसं आहेत हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. गाण्याच्या पोस्टरात शेतात तिपाईवर लावलेला मोबाइल आणि त्यापुढं अहिराणी गाण्यावर नाचणारी दोन पोरं. खोलीचं पोस्टर मात्र आधी चुकलं. मी काढलेली खोली माझ्या कॉलेजच्या काळातली होती, कंदिलाऐवजी बल्ब एवढाच फरक. पोरं म्हणाली, सर, चार्जिंगचा बोर्ड कुठं आहे? भाड्याच्या खोलीत चौघं राहतात, प्लग एकच, त्याला लावलेलं एक्स्टेन्शन आणि चार वायरी. मग तो बोर्डच चित्राच्या मधोमध आणला.

अभ्यासिकेतल्या मुलींनी एक गोष्ट सरळ विचारली: सहा पोस्टरांत मुलीचं एकच? प्रश्न बरोबर होता. धावण्याच्या रस्त्यावर मुलीही सकाळी असतात. भरतीत त्यांचं अंतर ८०० मीटर. मी परत त्या रस्त्यावर गेलो. '१६००'च्या अलीकडं '८००'चीही रेघ होती. मी ती बघितलीच नव्हती. पोस्टरात ती आली आणि चपलांच्या जोडीशेजारी दुसरी जोडी आली.

आप्पांचा छापखाना

फ्लेक्सवर करायचं नाही एवढं माझं पक्कं होतं. चौकातल्या फ्लेक्सशी स्पर्धा फ्लेक्सवरच करण्यात अर्थ नव्हता. गावात लग्नपत्रिका छापणारे आप्पा आहेत. त्यांच्याकडं स्क्रीन प्रिंटिंगचं, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छापायचं, सगळं सामान आहे. चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळं ते मोकळे होते. दोन रंग, २२ बाय २८ इंची कार्डशीट, प्रत्येक पोस्टरच्या पंचवीस प्रती, म्हणजे जवळच्या वाचनालयांनाही संच देता येतील, असं ठरलं.

दोन रंगांची मर्यादा आमच्या पथ्यावर पडली. कटाईच्या पोस्टरात पहिला रंग केळीच्या पानाचा पोपटी आणि दुसरा चिकाच्या डागाचा. तो डागाचा रंग मिळवायला अर्धा दिवस गेला. काळ्यात तपकिरी टाकली की तो मातीसारखा दिसे. शेवटी आप्पांनी तपकिरीत चिमूटभर हिरवा आणि मग काळा टाकला. शर्ट शेजारी ठेवून जुळवला.

पावसाळ्यानं मात्र त्रास दिला. चित्र उतरवण्यासाठी जाळीवर लावलेलं, उजेडानं घट्ट होणारं रसायन दमट हवेत लवकर वाळत नाही, आणि नीट वाळल्याशिवाय उजेड दिला तर बारीक रेघा धुताना निघून जातात. दोन जाळ्या त्यातच वाया गेल्या. त्याहून मोठी अडचण कागदाची होती. कार्डशीट हवेतलं पाणी ओढते आणि फुगते. सकाळी पहिला रंग छापला, संध्याकाळी दुसरा बसवायला गेलो तर अर्धा-पाऊण सूत, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर फरक. लग्नपत्रिकेत तो कळत नाही, एवढ्या मोठ्या कागदावर कळतो. मग दोन गोष्टी केल्या. कागद आदल्या रात्रीच त्याच खोलीत दोरीवर टांगून ठेवला, म्हणजे जेवढा फुगायचा तेवढा छापायच्या आधीच फुगेल. आणि मी चित्रं बदलली. फिक्या रंगाची कड गडद रंगाखाली थोडी सरकवली, म्हणजे कागद हलला तरी मधे पांढरी फट दिसणार नाही. हे आधीच माहीत असायला हवं होतं. मी संगणकावर करायच्या सवयीत ते विसरलो होतो.

शब्दांचा प्रश्न वेगळाच निघाला. समितीचं म्हणणं होतं की खान्देशातली पोस्टरं आहेत तर सगळ्यांवर अहिराणी ओळी हव्यात. मला कल्पना आवडली होती. पण यावलकडची पोरं म्हणाली, आमच्या घरी अहिराणी नाही, लेवा बोली बोलतात. बहिणाबाईंची ती. टोळीतल्या एका पोराच्या घरी पावरी बोली होती, एक तडवी भिल्ल होता. खान्देश म्हणजे अहिराणी असं बाहेरचा माणूस धरून चालतो. आपणही तसंच धरलं तर आपल्याच पोरांना आपण परकं करू. गाण्याच्या पोस्टरावर अहिराणी ठेवली, कारण गाणं अहिराणीतलं होतं. बाकीच्यांवर एकेकच शब्द ठेवला, जो सगळ्यांच्या तोंडात आहे: कटाई, खोली, भरती, सुरत, पास.

पट्टा

'पास' हे एस.टी.नं कॉलेजला येणाऱ्या मुलीचं पोस्टर. आता जे सांगतो आहे ते सांगायला जड जातं.

स्टँडवर मी एका मुलीला विचारलं होतं, तुझं चित्र काढू का? ती हो म्हणाली. तोंडाला स्कार्फ होता, धुळीसाठी आणि उन्हासाठी बहुतेक मुली बांधतात तसा. मला वाटलं, चेहरा दिसत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. तिच्या सॅकचा एक पट्टा तुटलेला होता आणि तो शेंदरी दोऱ्यानं शिवलेला होता. निळ्या सॅकवर शेंदरी टाके. डागाच्या पोस्टरानं मला शिकवलं होतं की अशा खुणेत सगळं असतं. मी ते टाके अगदी मन लावून काढले, एकेक. दुसरा रंगच शेंदरी ठेवला.

नमुन्याची प्रत अभ्यासिकेत लागली. कुणीतरी फोटो काढून स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तिच्या गावात पोचला. टाक्यांवरून तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची आई वाचनालयात आली. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, "सर, पोरीची फाटकी सॅक तुम्ही गावासमोर टांगली. पट्टा तुटला म्हणून मी रात्री बसून शिवला होता. लोकांना काय वाटलं असंल? एक दप्तर घेऊन देता येत नाही यांना?"

मी पोस्टर त्यांच्यासमोर उतरवलं, त्यांच्या हातात दिलं, माफी मागितली. मुलगी दोन दिवस कॉलेजला आली नाही, हे नंतर कळलं. मी तिला चित्र काढू का विचारलं होतं. पोस्टर करू का, हे विचारलं नव्हतं. काढलेलं चित्र तिला दाखवलंही नव्हतं. केळीच्या पोरांना वही दाखवली, तिला नाही. यात घाई होती, आणि दुसरं काही नव्हतं.

त्या रात्री दोन्ही पोस्टरं शेजारी ठेवून मी बराच वेळ बसलो. डागही गरिबीचा, टाकेही गरिबीचे. मग एकानं पोरं जवळ आली आणि दुसऱ्यानं एक घर दुखावलं, असं का? मला जे उत्तर सापडलं ते असं. चिकाचा डाग टोळीचा आहे. ज्यानं कटाई केली त्या प्रत्येकाच्या शर्टावर तो आहे, त्यात कुणी एकटा पडत नाही. शेंदरी टाके एकीचे होते. जगात त्या एकाच आईनं, त्या एकाच रात्री घातलेले. ते खरे होते, पण ते माझे नव्हते, आणि भिंतीचेही नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक खुणेला मी विचारतो: ही किती जणांची? मग मागं जाऊन बाकीची पोस्टरंही तपासली. गाण्याच्या पोस्टरात मोटारसायकलवर रेडियममध्ये लिहिलेलं नाव मी जसंच्या तसं उतरवलं होतं. काढलं. सुरतेच्या पिशवीवर एका दुकानाचं आणि गावाचं नाव होतं. काढलं. कटाईचा उजवा खांदा राहू दिला, कारण टोळीतले निम्मे उजव्यावरच घेतात. आणि छापायला जाण्याआधी प्रत्येक चित्र त्या त्या मुलांना दाखवायचं, त्यांनी नाही म्हटलं तर थांबायचं, हे नानांनी समितीच्या वहीत लिहूनच घेतलं.

पोस्टरांवर माझं नावही नको, असं मी म्हटलं. १९६८च्या मे महिन्यात पॅरिसच्या कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी याच पद्धतीनं, जाळीतून, रात्रंदिवस पोस्टरं छापली होती आणि त्यांवर कुणाची सही नसे. त्यांचं कारण निराळं होतं. माझं एवढंच की ज्यांची चित्रं आहेत त्यांची नावं नाहीत, तर माझं तरी कशाला.

पासचं पोस्टर नवं कसं झालं, ते त्या मुलीमुळंच. पंधरा दिवसांनी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. मी परत माफी मागितली. ती म्हणाली, "सर, काढायचंच तर पास काढा ना." बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत असतो. कॉलेजात गेलं की सवलतीचा, पण दर महिन्याला पैसे भरून काढायचा पास. प्लास्टिकच्या पाकिटात, दोरीनं सॅकला बांधलेला. शेवटच्या आठवड्यात सगळ्या मुलींचा हात तारखेकडं जातो. कुणाचा संपला असेल तर ती त्या दिवशी मुक्कामी गाडीनं येत नाही, हे बाकीच्यांना न सांगता कळतं. तिघींनी मला ते पाकीट कसं धरतात, अंगठा कुठं असतो, दुसऱ्या हातानं वरचा दांडा कसा पकडतात, ते दाखवलं. मी तिथंच काढलं, तिघींनी तिथंच बघितलं. एकीनं अंगठा थोडा खाली घ्यायला लावला. त्या पोस्टरात मुलगी नाही. दोन हात आहेत, आणि पाकिटावरची तारीख वाचता येत नाही अशी ठेवली आहे.

९ सप्टेंबरला शिरीषकुमारच्या फोटोखाली सहाही पोस्टरं लागली. भाषणं झाली. तिघी आल्या होत्या, मुलीची आई आली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर कटाईवाला पोरगा, ज्याचा शर्ट मी काढला होता तो, थांबला होता. मी त्याला त्याच्या पोस्टरची एक प्रत गुंडाळून दिली. त्यानं ती घेतली, थोडा वेळ हातात धरली आणि परत केली.

"घरी नको सर. आई म्हणंल, हा शर्ट भिंतीवर कशाला? इथंच राहू द्या. मी येत जाईन बघायला."